मग मारलं कोणी?

चंडीगडमध्ये आमच्या शेजारी एक वयस्कर सरदारजी राहतात. इथल्या हायकोर्टात त्यांनी चाळीसेक वर्षं फौजदारी वकिली केली. आता कोर्ट सुटलंय, पण सवय सुटलेली नाही. सकाळी सुखना तलावाच्या काठाने आम्ही चालतो तेव्हा पेपरातले निकाल ते मला समजावून सांगतात. मी मराठी आहे, माहेर विदर्भातलं, नवऱ्याच्या नोकरीमुळे तीस वर्षांपूर्वी इथे आले आणि इथलीच झाले. कायद्याचा माझा काही अभ्यास नाही. म्हणूनच बहुधा त्यांना मी श्रोता म्हणून आवडते.

१७ जुलै २०२५ ची सकाळ. आदल्या दिवशी सुप्रीम कोर्टाने कपूरथळा जिल्ह्यातल्या एका माणसाची फाशी रद्द करून त्याला निर्दोष सोडलं होतं. २९ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याच्या घरातली चार माणसं धारदार शस्त्राने मारली गेली: बायको, दोन लहान मुलं आणि मेव्हणी. आणखी दोघं जखमी झाली. सासरच्या लोकांशी पैशांवरून वाद होता, त्यातून यानेच सगळ्यांना कापलं, असा आरोप. खालच्या कोर्टाने २०२० मध्ये फाशी दिली, इथल्या हायकोर्टाने २०२४ मध्ये ती कायम केली. आणि आता न्यायमूर्ती विक्रम नाथ, संजय करोल आणि संदीप मेहता यांच्या पीठाने म्हटलं होतं की मुख्य साक्षीदारांच्या जबान्यांत मोठ्या विसंगती आहेत, तपासात गंभीर दोष आहेत आणि एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही.

मी ऐकून घेतलं आणि तोंडातून आपसूक निघालं, "मग मारलं कोणी?"

वकीलसाहेब चालता चालता थांबले. म्हणाले, "भैणजी, माझ्या निम्म्या अशिलांना याच प्रश्नाने आत टाकलं."

मला तो टोमणा वाटला आणि लागलाही. चार जीव गेले, त्यातली दोन लेकरं. कोणीतरी मारलं असणारच. हा प्रश्न विचारू नये तर काय विचारावं? पण घरी येऊन चहा ठेवताना मला आठवलं, की हाच प्रश्न मी एकदा मोठ्या आवाजात, पंधरा-वीस मुलींबरोबर, हातात कापडी फलक धरून विचारला होता. चाळीस वर्षांपूर्वी, पुण्यात.

ज्यांनी सारडा खटल्याचं नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंजुश्री सारडा. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी लग्न झालं आणि ११ जूनच्या रात्री ती पुण्यातल्या सासरच्या फ्लॅटमध्ये मरण पावली. लग्नाला पुरते चार महिने झालेले. पोटात पोटॅशियम सायनाइड. नवऱ्यावर खटला चालला. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने त्याला फाशी सुनावली, मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. आणि सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं.

पुराव्यातला सगळ्यात जिवंत भाग म्हणजे मंजुश्रीने बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. त्यांत सासरचा एकटेपणा होता, नवऱ्याचा तुटकपणा होता, एक भीती होती. आम्हां हॉस्टेलच्या मुलींना ती पत्रं वर्तमानपत्रांतल्या बातम्यांतून, तुकड्या-तुकड्यांनी माहीत होती. आमच्यातल्या प्रत्येकीच्या ओळखीत अशी पत्रं लिहिणारी एखादी होतीच. एकीची मोठी बहीण, एकीची मामेबहीण, माझी एक वर्गमैत्रीण. त्या काळात पेपर उघडला की कुठेतरी स्टोव्हचा भडका उडालेला असायचा आणि भाजलेली असायची ती नेमकी सूनच. सासूचा पदर कधी पेटल्याचं आम्ही वाचलं नाही. मथुरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं होतं, त्यालाही फार वर्षं झालेली नव्हती. त्यामुळे सारडा खटल्याचा निकाल आला तेव्हा आम्हाला तो एका खटल्याचा निकाल वाटलाच नाही. आम्हाला वाटलं, घराच्या चार भिंतींच्या आत बाईला मारणं कसं सोपं आहे याची ही सरकारी पोचपावती आहे. मी सभेला गेले. घोषणा दिल्या. त्यातली एक फाशीची मागणी करणारी होती आणि ती देताना माझा आवाज अजिबात कापला नव्हता.

त्या निकालाची तारीख मी परवा शोधून पाहिली. १७ जुलै १९८४. बरोबर एकेचाळीस वर्षं. तारखांत अर्थ शोधायची मला सवय नाही, पण हे पाहून जरा चरकले खरं.

निकाल मात्र मी तेव्हा वाचला नव्हता. तो वाचला साठी गाठल्यावर, या जुलैत, वकीलसाहेबांनी काढून दिलेल्या प्रतीतून. न्यायमूर्ती फाजल अली, वरदराजन आणि सब्यसाची मुखर्जी यांच्यासमोर प्रश्न होता तो असा: सायनाइड नवऱ्याने दिलं की तिने स्वतः घेतलं? कोर्टाने ती पत्रं बाजूला सारली नाहीत. मरणाच्या कारणाशी त्यांचा संबंध आहे, तेव्हा ती पुरावा म्हणून वाचता येतात, असं बहुमताने मानलं. आणि मग तीच पत्रं उलट बाजूने वाचली. इतकी हळवी, इतकी निराश झालेली मुलगी जीव देऊ शकते की नाही? देऊ शकते. मग ही शक्यता पुराव्याने पूर्ण मोडली गेली आहे का? नाही.

एका विशीतल्या मुलीच्या मनाची तिघा प्रौढ पुरुषांनी केलेली ती चिकित्सा, त्यातलं ते आत्महत्येचं मानसशास्त्र, हे वाचताना माझ्या कपाळावर आजही आठी पडली. ती हळवी होती म्हणजे काय? घाबरलेल्या माणसाला आपण हळवं म्हणतो का? पण पुढे वाचत गेले तशी दुसरी एक गोष्ट दिसली. हायकोर्टाने ज्या काही गोष्टी आरोपीविरुद्ध धरल्या होत्या, त्यांतल्या कित्येक त्याच्यापुढे कधी ठेवल्याच गेल्या नव्हत्या. खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला विचारतात की तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुझं काय म्हणणं? तो प्रश्न न विचारता त्या गोष्टीवरून माणसाला फासावर देता येत नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. हे वाचून मात्र मी गप्प झाले. एवढी साधी गोष्ट. माणसाला मारण्याआधी त्याला विचारायचं. आम्ही फलक धरून उभ्या होतो तेव्हा आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

याच निकालात फाजल अलींनी परिस्थितीजन्य पुराव्याचे पाच नियम सांगितले आणि त्यांना 'पंचशील' म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पक्की सिद्ध झालेली हवी, सिद्ध असू शकेल एवढ्यावर भागत नाही. सगळ्या गोष्टी एकाच निष्कर्षाकडे नेणाऱ्या हव्यात. दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. साखळीची एकही कडी सुटता कामा नये. आज देशातल्या कुठल्याही कोर्टात साक्षीदार नसलेला खून समोर आला की हे पाच नियम निघतात. वकीलसाहेबांनी आपल्या आयुष्यात ते किती वेळा वाचून दाखवले असतील याची मोजदाद नाही. त्यांच्या तोंडी 'सारडा' हे नाव कुणा माणसाचं राहिलेलंच नाही. ते एक अवजार आहे, सुताराच्या पटाशीसारखं. त्या नावामागे चार महिन्यांची नवी नवरी होती हे मी सांगितलं तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले.

पंचशीलाचं मूळही गमतीचं आहे. फाजल अलींनी आधार घेतला तो १९५२ च्या हनुमंत गोविंद नरगुंदकर खटल्याचा. तो नागपूरकडचा, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूचा. खून नव्हताच तो, बनावट कागदपत्रांचं प्रकरण होतं. आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मेहरचंद महाजन पंजाबचे, फाळणीपूर्वी लाहोर हायकोर्टात न्यायाधीश राहिलेले. नागपूरच्या कागदांवरून एका पंजाबी न्यायमूर्तींनी काढलेला नियम, पुण्याच्या मुलीच्या मरणात घासूनपुसून निघालेला, आता चंडीगडच्या कोर्टात रोज वापरला जातो.

ते कोर्टही इथे येणाऱ्या पाहुण्यांना मी कौतुकाने दाखवते. ल कॉर्बुझिएची इमारत, १९५५ पासून तिथे कामकाज चालतं. छत्रीसारखं वर उचललेलं छत आणि दाराशी हिरवा, पिवळा, लाल असे तीन अवाढव्य खांब. पंजाब, हरियाणा आणि चंडीगड मिळून जिथे कुठे सेशन्स कोर्ट फाशी सुनावतं, तो कागद मंजुरीसाठी या खांबांमधून आत जातो. मंजुरीशिवाय फाशी देता येत नाही. 'दुर्मिळातला दुर्मिळ' हा शब्दप्रयोग देशाला ज्या बचनसिंग खटल्याने १९८० मध्ये दिला, तोही पंजाबातला, तोही घरातल्याच माणसांच्या खुनाचा. बायकोच्या खुनाची शिक्षा भोगून आलेला माणूस चुलतभावाच्या घरी राहायला गेला आणि तिथे त्याने तिघांना मारलं. तिथे गुन्ह्याबद्दल वाद नव्हता, शिक्षेबद्दल होता. हे मुद्दाम सांगते, कारण संशयाचं कौतुक करता करता, घरातली माणसं घरातल्यांना खरोखरच मारतात, हे विसरायला होतं.

तर पुन्हा त्या प्रश्नाकडे. मग मारलं कोणी?

रस्त्यावर खून झाला तर संशयाला सगळं गाव मोकळं असतं. घरात झाला की यादी एकदम आखूड होते. घरात कोण होतं? हा होता. मग यानेच. २००८ मध्ये नोएडात आरुषी प्रकरण घडलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भिशीत, सगळीकडे हेच गणित चाललं होतं: घरात चौघं, दोघं मेले, उरले दोघं. सीबीआयने तर डिसेंबर २०१० मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता. तोच अहवाल आरोपपत्र मानून खटला चालला, २०१३ मध्ये आईबापांना जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना सोडलं. चारातून दोन वजा करणं सोपं असतं. पण वजाबाकी करायची तर आधी दार बंद होतं हे पक्कं ठाऊक हवं. रात्री घरात आणखी कोणी आलंच नव्हतं हे सिद्ध झालंय का, हे विचारण्याआधीच आम्ही उत्तर लिहून मोकळ्या झालो होतो.

कायद्यालाही ही वजाबाकी माहीत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०६ होतं, नव्या साक्ष अधिनियमात ते १०९ झालंय. जी गोष्ट खास एखाद्यालाच ठाऊक असणार, ती सिद्ध करायची जबाबदारी त्याची. घरात रात्री काय झालं हे घरातल्याने सांगावं. या कलमाची चीड यावी अशी उदाहरणं पुष्कळ आहेत, पण मला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटते अशीही आहेत. आपल्या महाराष्ट्रातलं त्रिमुख मारोती किरकन प्रकरण घ्या. सून मेली. सासरच्यांनी सांगितलं, साप चावला. शवविच्छेदनात निघालं, गळा आवळलेला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवऱ्याची शिक्षा कायम करताना म्हटलं की घराच्या आडोशाला झालेल्या गुन्ह्यात पोलिसांकडे अशक्य पुरावा मागण्यात अर्थ नाही, आतल्या माणसांनी पटेल असं काही सांगितलं पाहिजे.

साप! ज्या घरात हा साप निघाला त्या घराला संशयाचा फायदा कोणी द्यावा? आमच्या पिढीने जे मोर्चे काढले, ज्यांतून १९८३ चं ४९८अ आलं, १९८६ चं हुंडाबळीचं कलम आलं, ते या सापासाठीच होते. त्यातल्या एकाही घोषणेची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती फक्त त्या एका घोषणेची, आणि तीही नेमकी कशाबद्दल हे मला सांगता येत नाही. मी चुकीच्या माणसाला फाशी मागितली असं मी म्हणू शकत नाही, कारण ते मला ठाऊक नाही. बरोबर माणसाला मागितली असंही म्हणू शकत नाही, कारण कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं आहे आणि कोर्टाहून जास्त माझ्याकडे काही नाही. माझी चूक झाली हे म्हणायलासुद्धा पुरावा लागतो.

वकीलसाहेबांशी यावर माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, यात गोंधळण्यासारखं काय आहे? कोर्ट सांगतं सिद्ध झालं किंवा झालं नाही. तिसरं काही कोर्ट सांगत नाही. मी म्हटलं, तुमचं कोर्टाचं भागतं हो. कागद बंद झाला की तुम्ही घरी जाता. पण त्या घरातली जी माणसं जिवंत आहेत, ती कुठे जातील? कपूरथळ्यातल्या त्या घरात मेलेल्यांचे नातेवाईक आणि आरोपीचे नातेवाईक ही वेगळी माणसं नव्हेतच. ज्या म्हातारीची मुलगी गेली तिचाच जावई पिंजऱ्यात उभा. परक्याने मारलं असतं तर सगळं घर एका बाजूला राहिलं असतं. इथे शंका घेणारा मेलेल्यांचा वैरी ठरतो आणि शंका न घेणारा जिवंताचा. जावई सुटला म्हणून ती म्हातारी उद्या त्याला जेवायला वाढेल का? आणि त्याने मारलंच नसेल, तर बायको-पोरांच्या मरणावर त्याला रडायला कुठे, कधी मिळालं? जवळपास बारा वर्षं गजाआड, त्यातली पाच फाशीच्या सावलीत. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. निकालात आहे, पेपरात आहे. पण सुटलेल्या माणसाचं नाव खुनाच्या हकिकतीत आणखी एकदा छापलं जायचं कारण नाही.

आपल्याकडे बातमीत ठरलेलं वाक्य असतं: संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. यातला 'फायदा' मला नेहमी खटकतो. जणू दुकानात सूट मिळाली. आरोपी पास झालाय, पण कृपेचे गुण मिळवून, असा वास त्या शब्दाला येतो. कायद्यात माणूस मुळात निर्दोषच असतो, त्याला फायदा कसला द्यायचा? पण आपलं मन कायद्याने चालत नाही. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपण सगळे सिनेमांतून शिकलो. ते शंभर जण दूरच्या गावचे असतात तोवर ते पटतं. त्यातला एक आपल्या लेकीचा नवरा असला की आकडा एकदम बदलतो.

तशी न्यायमूर्तींनाही ही भीती आहेच. १९७३ च्या शिवाजी बोबडे खटल्यात, हाही महाराष्ट्रातलाच, कृष्ण अय्यरांनी दोन्ही बाजू एकाच निकालात लिहिल्या. 'असू शकतं' आणि 'असलंच पाहिजे' यांत फार मोठं अंतर आहे, हे ते बजावतात. आणि संशयाचं स्तोम माजवून गुन्हेगार सोडत गेलात तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल, हेही तेच बजावतात.

एका बाबतीत मात्र 'मग कोणी?' याचं उत्तर सापडलं, फक्त उशिरा. लंडनमध्ये टिमोथी इव्हान्स नावाच्या तरुणाला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी फाशी दिली. बायकोही त्याच घरात मारली गेली होती. त्याने मध्येच कबुलीही दिली होती आणि नंतर शेजारी ख्रिस्तीचं नाव घेतलं होतं. हा ख्रिस्ती खटल्यातला सरकारी साक्षीदार, सभ्य शेजारी. तीन वर्षांनी त्याच्या घरात इतर बायकांची प्रेतं निघाली. १९५३ मध्ये त्याला फाशी झाली. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये, मरून सोळा वर्षं झाल्यावर. एकाच घरात दोन खुनी कसे राहत असतील, हा प्रश्न कोणाला पडेपर्यंत यादीतल्या पहिल्या नावावर काम उरकलं होतं.

हे इंग्रजांचं झालं. आपल्या नाशिकजवळ २००३ मध्ये एका शेतमजूर कुटुंबातल्या पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतली सहा माणसं पकडली गेली. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने त्यांतल्या तिघांना जन्मठेप दिली होती, तीही वाढवून. आणि त्याच सुप्रीम कोर्टाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, हा कागद पहिल्यापासून तिथेच होता. त्या चौघांचा तपास झालाच नाही. सोळा वर्षं गेली. त्या सहांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

मी या प्रकरणापाशी बराच वेळ थांबले. त्या बाईचा विचार करत. तिने आपल्या डोळ्यांदेखत सगळं पाहिलं, तिने बोट ठेवून सांगितलं, हे ते. आणि तिचं म्हणणं फाइलमध्ये मागे सरकवून दुसरी माणसं तिच्यापुढे उभी केली गेली. २०१९ मध्ये सहा माणसं सुटली तेव्हा तिचा न्याय बुडाला, असं कोणी म्हणेल. मला वाटतं तिचा न्याय २००३ मध्येच बुडाला होता, ज्या दिवशी ते चार फोटो कोणी उचलले नाहीत त्या दिवशी. कपूरथळ्यातल्या त्या दोन लेकरांचाही तसाच बुडाला असणार, तपासाच्या पहिल्या काही दिवसांत, सुप्रीम कोर्टात कागद पोचायच्या कितीतरी आधी. निकाल फक्त सांगतो की तिजोरी रिकामी आहे. आणि आपण त्याच्यावरच चोरीचा आळ घेतो.

हे वकीलसाहेबांना सांगितलं तर ते खूश झाले. मी मात्र झाले नाही. कारण हा विचार सोयीचा आहे. मंजुश्रीला तो पुरत नाही. तिच्या बाबतीत पोलिसांनी अमुक फोटो उचलला नाही असं काही बोट ठेवून दाखवता येत नाही. तिची पत्रं होती, ती वाचली गेली, दोन्ही बाजूंनी वाचली गेली आणि दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. समजा तिने स्वतःच सायनाइड घेतलं. तर 'मारलं कोणी?' हा प्रश्न संपला का? चार महिन्यांत एक मुलगी जगण्याला विटते, बहिणीला तसं लिहिते, आणि ती पत्रं वाचूनही तिला कोणी घरी घेऊन जात नाही. यात खुनी नाही. आरोपपत्रही नाही. पण माझं मन त्या फ्लॅटच्या दारातून हलत नाही.

ऑगस्टमध्ये मी पुण्याला माझ्या जुन्या रूममेटला फोन केला. तो कापडी फलक तिने रंगवला होता, रात्रभर जागून, खोलीभर रंगाचा वास. तिला कपूरथळ्याचं सांगितलं, पंचशीलाचं सांगितलं. ज्या निकालाविरुद्ध आपण ओरडलो त्यातल्याच परिच्छेदांनी इथे गरिबांचे गळे वाचतात, असंही सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

मी विचारलं, "आज तो फलक रंगवशील?"

ती म्हणाली, "मंजुश्रीचा रंगवीन. खालची ओळ काय लिहू ते तू सांग."

फोनवर बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.